कुंभारीण

अकरा हिवाळे मी पंखाच्या आतल्या बाजूने
लोखंडाचा ठोकळा दाबून धरला
आणि बाहेरून ओरेस्त रिव्हेट मारत राहिला.
त्या वर्षांत आम्ही फारसं बोललोच नाही.
"घे," तो म्हणायचा. मी म्हणायचे, "धरलाय."
सस्कॅचेवानचा जानेवारी, दाराबाहेर उणे तीस.
डावा पंख कुठल्या वर्षी झाला
ते माझं मनगट अजून सांगतं.

विमानाला नाव दिलं नाही. "उडालं तर देऊ."
उडालं, तरी नाही.
आत फक्त नियमाची पाटी:
हे घरी बनवलेलं आहे, बसायचं ते समजून बसा.

जुलै. बुधवार. एकोणिसावं मिनिट.
इंजिन एकदा खाकरलं,
वर्गात शिरण्याआधी मास्तर खाकरतात तसं,
आणि गप्प.

शांतता नव्हती ती, ओरेस्त म्हणतो.
वारा होता, कुठेतरी पत्र्याची शीळ होती,
किल्ल्यांचा जुडगा हलत होता,
आणि पुढ्यात लाकडी पंखा, उभा.
फिरताना तो कधी दिसलाच नव्हता.
आता दिसला, तर त्यावरचा वॉर्निशचा ओघळही दिसला.
(तो माझा.)

नाक खाली. काटा पासष्टवर.
मागे वळायचं नाही:
हे आम्ही एकमेकांना जेवणाच्या टेबलावर शिकवलेलं,
मीठदाणी म्हणजे विमान, बशी म्हणजे धावपट्टी,
आणि जो मागे वळेल त्याची बशी फुटेल.
टाकी बदल. पंप. पुन्हा पहिली टाकी.
काही नाही.
दोन हजार फूट म्हणजे किती,
तर एक अंडं धड उकडत नाही तेवढ्यात.

खाली मोहरी, पिवळी, कमरेइतकी, चाकं धरणारी.
मग विजेच्या तारा.
मग निळं. त्याला लागून आणखी निळं.
आमच्याकडे जुलैत जवस फुलतो
आणि खोलगटांत बर्फाचं पाणी साचून राहिलेलं असतं,
आणि वरून दोघांचा रंग एक.
वारा दोन्हींवरून सारखाच धावतो.
एक झेलतं, एक गिळतं.

"मग कसं ओळखलंस?"
"एका निळ्यावर बदकं होती," तो म्हणाला.
"मी दुसरं घेतलं."

दार उघडून फटीत बूट खोचला. पेट्रोल बंद. स्विच बंद.
त्यानंतरचे दहा फूट
त्याला अजून नीट सांगता येत नाहीत.
तिथे पोचला की तो हात पुसायला लागतो.

व्हर्ना टेव्झ पिकअप घेऊन आली.
आधी त्याला पाहिलं, मग विमान,
मग मागे लोळलेला दोनशे पावलांचा पट्टा.
"जवसाची फुलं दुपारी गळतातच," ती मला म्हणाली,
"पण तुझ्या ओरेस्तला भारीच घाई."
चाकांच्या आसांना दांडे असे पिळले होते
की सोडवायला मला चाकू लागला आणि संध्याकाळ.

कारण रात्री सापडलं.
पंखाखाली टाकीची श्वासनळी, करंगळीएवढी.
ओरेस्तने तार घातली. माती आली.
कुंभारणीचं घर:
दोन खोल्या तारेने फुटलेल्या, कोळी भरलेल्या,
तिसरी शाबूत.
टाकीला श्वास मिळेना, म्हणून पेट्रोल उतरेना.

आमच्याच गॅरेजात, आमच्याच नाकासमोर,
चिखलाची एकेक गोळी तोंडात धरून आणली असेल तिने.
तिला नकाशा नव्हता, तपासणीला सरकारी माणूस नव्हता,
आतल्या बाजूने धरायला कुणी नव्हतं.
मला संतापायचं होतं.
पण बोटं आपसूक तिचं काम तपासत राहिली.
गोल. पातळ. आतून गुळगुळीत.
ओघळ एकही नाही.

नळीच्या तोंडाशी आता जाळी आहे.
तिसरी खोली मी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली,
का, ते ओरेस्तने विचारलं नाही.
ऑगस्ट सरताना तिला आतून
एक नेटकं भोक पडलेलं दिसलं.
आम्ही तेव्हा बाजारात होतो.
कुठे उतरली, कळलं नाही.