बिल्ला नंबर दोनशे सतरा

कोट काढल्याशिवाय आत जायचं नाही, असा तिथला दंडक.
काउंटरपलीकडच्या बाईनं माझा कोट खांद्यावर टाकला,
खिशात रेल्वेचं तिकीट, अर्धं सफरचंद, एक हातमोजा
(दुसरा पोझ्नानच्या फलाटावर राहिला),
आणि तळहातावर ठेवला पितळी बिल्ला.
दोनशे सतरा.
म्हटलं, चला, या गावात आपली ओळख एवढीच.

सहा वर्षं पाहत आले होते लुत्स्यान व्रोनाला
लॅपटॉपच्या तेरा इंचांत.
त्याचं बोलणं खाली पिवळ्या अक्षरांत यायचं.
एका मालिकेत तो घड्याळं दुरुस्त करायचा,
एका सिनेमात नुसता जिना उतरायचा.
तो जिना मी किती वेळा उतरून पाहिला
ते सांगणार नाही.
वय एकेचाळीस, नोकरी बरी, आणि हे असं.

तोरुनमध्ये फेब्रुवारी होता. नदीच्या कडेला बर्फाची साय.
नवव्या रांगेत माझ्या शेजारी एक म्हातारी,
पानी बोग्ना. पाणी नव्हे, पानी; तिथे बाईला पानी म्हणतात.
तिनं पुदिन्याची गोळी पुढे केली,
कागदाचा आवाज होऊ नये म्हणून
तिसऱ्या घंटेआधीच सोलून ठेवलेली.
बाई जाणकार होती.

पडदा गेला आणि खाली अक्षरं आली नाहीत.
इतका वेळ हे लक्षातच आलं नव्हतं माझ्या!
एक पियानो विकायचा आहे, एवढं कळलं.
कुणाला विकायचा नाही, तेही कळलं.
बाकी सगळा श्, च्, झ् यांचा पाऊस,
भिजत बसले.

मग तो आला.
मला वाटला होता त्यापेक्षा चार बोटं बुटका,
डोक्यावर मागे विरळ,
आणि उजवा बूट करकरणारा.
तेरा इंचांत बूट कधी करकरला नव्हता.
का कोण जाणे, त्या करकरीनं गळा दाटून आला.

दुसऱ्या अंकात तो खिडकीपाशी गेला, वळला,
आणि थांबला.
सभागृहाला वाटलं, काय अभिनय!
कुणीतरी सुस्काराही टाकला.
पण मला त्याचं थांबणं पाठ आहे.
बोलण्याआधी तो डावा खांदा किंचित उचलतो,
श्वास भरतो. या थांबण्यात श्वासच नव्हता.
अंगठा कोटाचं बटण फिरवत होता, फिरवत होता.

विसरला.

एक शब्द न कळणारी मी, मला कळलं.
पोटात गोळा आला, जणू शाळेच्या स्नेहसंमेलनात
माझंच पोर उभं आहे.
आणि शेजारून, अगदी हळू,
डोळे मिटलेली पानी बोग्ना पुटपुटली:
ओफ्शेम.

तिकडे पियानोवाली बाई कप घेऊन त्याच्याजवळून गेली,
कपासकट काहीतरी देऊन गेली असावी,
कारण डावा खांदा उचलला गेला
आणि तो म्हणाला, ओफ्शेम,
आणि गाडी पुढे निघाली.

पानी बोग्नानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.
मी तिच्याकडे.
दोघींनी दुसरी गोळी खाल्ली.

नंतर मागच्या दाराशी चारपाच जण उभे होते.
मी थांबले नाही.
खरं सांगायचं तर थांबले, सात मिनिटं.
थंडीनं हाकललं म्हणा,
किंवा तो बुटका माणूस सायकलचं कुलूप काढताना दिसला
आणि त्याला घरी जायचं होतं.

बिल्ला परत केला, कोट मिळाला,
सफरचंद आतून तपकिरी पडलेलं. खाल्लं.
स्टेशनपर्यंत एका हाताला ऊब होती,
दुसरा बगलेत.
ओफ्शेम, ओफ्शेम, चालताना वाफ निघत होती.

अर्थ अजून शोधला नाही.
एका सहकाऱ्यानं सांगू का म्हणून विचारलं,
त्याला म्हटलं, गप रे.