राखेचा आराखडा

कागोशिमात हवामानाच्या बातम्या देताना
पावसासोबत हेही सांगतात
की डोंगरमाथ्यावरचा वारा आज कुठे वळणार.
त्यावर ठरतं
कुणाचं धुणं आत, कुणाचं बाहेर.

पहिल्या दिवशी नागातोमो सरांनी
टेबलावर पिवळी पिशवी उपडी केली,
राख भरून ठेवायला घरोघर वाटतात तसली.
लॅपटॉपची बटणं करकरली.
"ही तुमची माती," म्हणाले,
"आणि वर जे दिसत नाही ते छप्पर.
सहा महिन्यांनी मला बाग दाखवा."
आणि खिडकी उघडी टाकून जेवायला गेले.

आम्ही भिंती काढल्या.
भिंती, छत्र्या, काचेचे बोगदे,
तिला बाहेर ठेवायचे अठरा उपाय,
आणि अठरा कागदांवर लाल शाईत एकच शेरा:
हिला घरात घ्या.

मग बोटीने पलीकडे, साकुराजिमावर जाऊ लागलो.
बोटीवरचा उदोन भराभर खाल्ला तरच संपतो
एवढाच प्रवास.
तिथे मुलं हेल्मेट घालून शाळेत जातात
आणि थडग्यांवर छप्परं असतात,
मेलेल्यांच्या फुलांवर राख पडू नये म्हणून.
चिहायाने छपरांची उंची मोजली.
वहीत आकडा न लिहिता लिहिलं:
फुलांना ताठ उभं राहता येईल एवढी.

इजुइनने दोरीवर रोज एक पांढरी चादर टांगली,
वाऱ्याची रोजनिशी म्हणून.
चौथ्या दिवशीची पांढरीच राहिली
तर दिवसभर कुणाशी बोलला नाही.

मी सात दगड मांडले,
हामाझाकी बाईंच्या संत्र्यांच्या कुंपणाला लागून,
बसता येईल इतके सपाट.
राख पडेल, कुणी बसेल, उठून जाईल,
बसल्याची जागा तेवढी मागे उरेल.
बावीस दिवस कुणी हात लावायचा नाही.
तसा बोर्डही लावला.

एकोणिसाव्या रात्री डोंगर घुमला,
वसतिगृहाच्या खिडक्या थरथरल्या
आणि मला आनंद झाला.
खालची मुळ्यांची शेतं
नंतर आठवली. बऱ्याच नंतर.

पहाटेची पहिली बोट.
सातही दगड लख्ख, अजून ओले.
शेजारी सहा पिवळ्या पिशव्या,
तोंडं बांधून ओळीत बसवलेल्या.
एक्याऐंशीच्या हामाझाकी बाई, डोक्याला फडकं, हातात खराटा:
"केवढी घाण झाली होती रे पोरांनो!
लोक काय म्हणाले असते तुम्हाला?"
बोर्डही पुसून ठेवला होता.

चिहाया मटकन खाली बसली, हसत की रडत ते कळेना.
बाईंनी आमच्या ओंजळीत संत्री ओतली,
सुपारीपेक्षा जराशी मोठी.
दाताखाली कचकच आली तरी गोड होती.
रोज झाडता? मी विचारलं.
"पाऊस यायच्या आत झाडावं," त्या म्हणाल्या,
"भिजली की सिमेंट होते."
आमच्या सहा महिन्यांच्या टिपणांत
हे वाक्य कुठेच नव्हतं.

आराखड्यात मी झाडं काढली होती,
झाडणारी काढली नव्हती.

मग दोन दगडांत खराट्याएवढी फट ठेवली.
एक नळ. एक खुंटी.
पिवळ्या पिशव्यांसाठी वळणावर ओटा,
म्हाताऱ्या पाठीला वाकावं लागू नये इतका उंच.
परीक्षकांनी विचारलं, यात बाग कुठली?
सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे.
वारा त्या दिवशी शहराकडे होता.

गुण बरे मिळाले, फार नाही.
कागदाची एक प्रत बाईंना नेऊन दिली.
त्यांनी पायरीवर ती उलगडली,
आधी तळव्याने पुसली,
मग चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिल्या,
नळ, ओटा, दगड,
कोपऱ्यात टेकवलेली स्वतःची आकृती.

"दांडा आखूड काढलास," म्हणाल्या.