सांधे

रेल्वे आमच्याकडे रुळांवरून आली नाही,
नदीतून आली.
रूळ, खिळे, शिट्टी
आणि सुटं इंजिन जुळवणारा एक तापट साहेब,
सगळं एकाच पुरात चाकाच्या बोटीतून
बारोच्या वाळूवर उतरवलं.
म्हणे इंजिनाचं पोट आधी आलं,
पाय दोन महिन्यांनी.
तोवर त्यात कोंबड्या बसायच्या.

मग धक्का झाला, धक्क्यावर रूळ,
आणि लोकही हळूहळू रुळले.

माझा बाप न्दागी, होडीवाल्यांच्या घरातला.
त्याला त्यांनी सांधेवाला केलं,
वल्ह्याच्या हातात लोखंडी दांडा दिला.
तो म्हणायचा, नदीला फुटतात तसेच हे फाटे,
फक्त हे माझं ऐकतात.
उत्तरेचं कोरडं वारं सुटलं की
त्याचे गुडघे कुरकुरायचे.
आई म्हणायची, सरकारी सांध्यांना तेल मिळतं,
घरच्यांना कोण घालणार?

वरून भुईमूग यायचा, पोत्यांनी, वॅगनींनी.
साहेबाचं वेळापत्रक भिंतीवर खिळ्याने ठोकलेलं.
नदीचं कुठेच नव्हतं.
पाणी असेल तर बोट,
नसेल तर धक्क्याची शिडी हवेत लोंबकळायची
आणि खाली बगळे.

त्या वर्षी पूर आलाच नाही.
बोट खाली कुठेतरी वाळूत रुतली.
चाळीस वॅगनी धक्क्यावर, लाखेने मोहरबंद,
आणि गावात बाया गवताचं बी झाडून शिजवत होत्या.
मध्येच एक खोटा पाऊस पडून गेला, अर्धा तास.
आठवड्याने आईने पाहिलं,
एका वॅगनीच्या फळ्यांतून
हिरवे कोंब बाहेर डोकावत होते.
ती काही बोलली नाही.
घरी येऊन रिकामं मडकं
नुसतं चुलीवर ठेवलं,
बापाच्या समोर.

कुलूप कोणी तोडलं नाही, हे आधी सांगते.
बापाने फक्त एक दांडा ओढला.
इंजिन नव्हतं.
अकरा बायांनी खांदे लावले,
आई पुढे, माझी आत्या यिनूसा पोटुशी असून मागे,
आणि वॅगन चारशे सतरा
एकही शिट्टी न देता
चिंचेमागच्या जुन्या फाट्यावर गेली.
पुढचं रात्रीनेच केलं.

सकाळी कारकून थिओफिलस कोकर मोजायला आला.
फ्रीटाउनचा माणूस, इस्त्रीचा सदरा,
एकोणचाळीस. पुन्हा मोजल्या. एकोणचाळीस.
बाप गुडघा चोळत उभा.
पोरं ओळीने उभी, तोंडं घट्ट मिटून,
पण एकाला शिंक आली
आणि दातांवरची लाल साल दिसली.

कोकरने चष्मा पुसला.
बराच वेळ पुसला.
मग वहीत लिहिलं, सुंदर अक्षरात:
'वॅगन ४१७, धक्क्यावरून घसरून नदीत बुडाली.'

नदीत तेव्हा गुडघाभर पाणी होतं.

बिदाच्या लोहारांनी तिचे खिळे नेले, पट्ट्या नेल्या,
त्यांच्या कुदळी झाल्या, एका घोड्याच्या गळ्यातली घंटा झाली.
चाकं तेवढी बापाने खरोखर नदीत लोटली.
भल्या माणसाची नोंद
अगदीच खोटी पडू नये म्हणून.

पुढे वरच्या अंगाला पूल झाला.
गाड्या सरळ समुद्राकडे वळल्या, आमच्याकडे पाठ करून.
कोकर गेला. जाताना बापाला तेलाची बुधली देऊन गेला,
सांध्यांसाठी, म्हणाला,
कुठल्या ते म्हणाला नाही.
बऱ्याच वर्षांनी भंगारवाले आले, जुन्या वहीची नक्कल घेऊन,
बांबूंनी नदीचा तळ टोचत राहिले.
दोन चाकं लागली. खूश झाले.
उरलेली वॅगन अजून शोधतायत म्हणे
कागदांवर.

तुम्ही आत या.
दार जरा उचलून लोटा, बिजागरी पडली आहे.
आकडा खरवडला होता आईने, राखेने, विटेने,
तरी दुपारी ऊन तिरपं आलं
की सातचं शेपूट दिसतं.