कुंभारीण

कॅनोराच्या उत्तरेला, जुलैतल्या एका सकाळी
मी तेलवाहिनीवरून उडत होते, नऊशे फुटांवर.
कामच ते: कुठे गवत काळवंडलंय का,
कुठे कुणी न विचारता खणतंय का,
बघायचं, वहीत टिपायचं, पुढे सरकायचं.
एकवीस वर्षं झाली.
इंजिनाचा आवाज मला आता ऐकूच येत नाही.
स्वयंपाकघरातला फ्रीज बंद पडला
की मगच कळतं, तो इतका वेळ बोलत होता.

दहाला सात कमी असताना मला तो ऐकू आला.
म्हणजे थांबला.

नंतर जे उरलं त्याला शांतता नाही म्हणता येत.
दाराच्या फटीतून वारा शिट्टी घालत होता,
समोरचं पातं उगीचच फिरत होतं,
आणि मागच्या सीटखाली थर्मासचं झाकण गडगडत होतं,
जे मी एप्रिलपासून शोधत होते.

हात मला न विचारता कामाला लागले.
नाक खाली. वेग पासष्ट.
टाकीचा खटका. किल्ली. पुन्हा किल्ली.
रेडिओवर कुणीतरी माझं नाव आणि जागा सांगितली,
आवाज माझ्या बहिणीचा वाटला,
ती बँकेत गिऱ्हाइकांशी बोलते तसा.

सव्वा मिनिट होतं.
डावीकडे मोहरी, छातीएवढी, पिवळीधम्मक: नको.
रस्ता सरळ, पण खांब होते.
वरून तारा दिसत नाहीत,
खांबांवरून त्या असतील असं धरून चालायचं.
पुढे एक निळं तळं, नकाशात नसलेलं.
मी पोटातून गार झाले.
मग पाहिलं: तळ्याला लाटा असतात,
ह्याला ओळी होत्या.
पेरलेल्या ओळी.
जवस. फुलावर आलेला.

वारा कुठला, ते मात्र ठाऊक नव्हतं.
शेताच्या कडेला घर, घरामागे दोरी,
दोरीवर चार चादरी आणि एक लाल झगा,
सगळ्यांची पोटं पूर्वेकडे फुगलेली.
मी पश्चिमेकडे वळले.

दार किंचित उघडून फटीत वही खुपसली,
आपटल्यावर चेमटलं तर उघडायचं नाही म्हणून.
पंख कण्हायला लागले.
मग निळ्याचा आवाज आला, सरसर सरसर, पोटाखालून.
जवस चिवट. चाकांना गुंडाळत गुंडाळत
त्यानंच मला धरून ठेवलं.
शेपटी वर गेली, क्षणभर विचारात पडली,
आणि परत खाली आली.

पारास्का मेल्निचुक शेतातून आली, तोंडात कपड्यांचा चिमटा.
मेलीस की जिवंत, हे तिनं विचारलं नाही.
चिमटा काढून म्हणाली,
"चादरींवर धूळ बसली सगळी."
मी म्हटलं, "त्यांनीच तर मला उतरवलं."
ती दोरीकडे बराच वेळ पाहत राहिली.
मग आत जाऊन शेपूच्या खारातल्या काकड्यांची बरणी घेऊन आली.
मी उभ्या उभ्या अकरा खाल्ल्या.

यॉर्कटनहून मेकॅनिक पोचेपर्यंत दोन वाजले.
जवसाची फुलं दुपारी गळतात.
तळं आटलं होतं, नुसतं हिरवं रान.
"इथे सगळं निळं होतं," मी सांगत होते,
तो माझ्या डोक्याला मार लागलाय का ते बघत होता.

डाव्या पंखाखाली बोटाएवढी एक नळी असते,
टाकी तिच्यातून श्वास घेते.
ती मातीनं लिंपलेली.
कुंभारीण.
तीन दिवस विमान हँगरबाहेर होतं,
तेवढ्यात तिनं घर बांधून, लेकरासाठी
अर्धमेले कोळी भरून, दार बंद करून टाकलं होतं.
मेकॅनिकनं पेचकसानं उकरून ते माझ्या तळहातावर ठेवलं.
तोळाभरही भरलं नसतं.
फेकावं की नाही, मला कळेना.

ऑगस्टमध्ये पारास्काचं बिल आलं, पेन्सिलीनं लिहिलेलं.
एकशे चौदा पावलं जवस, आडवा: इतके डॉलर.
चादरी चार, पुन्हा धुतल्या:
पुढे रकमेच्या जागी
फक्त एक रेघ.