गॅप सर्टिफिकेट

शिवाजीनगर कोर्टाबाहेर, पत्र्याच्या शेडखाली
रासकर टायपिस्ट विचारतात, गॅप किती?
तीन वर्षं.
कारण काय टाकू?
त्यांच्याकडे तीनच असतात तयार:
आजारपण, घरगुती अडचण, परीक्षेची तयारी.
घरगुती टाका, मी म्हणते.
खोटं नाही ते.
पुरतं खरंही नाही.

"सदर कालावधीत मी कोणत्याही
महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नाही."

नाहीच घेतला.
बारावीला रसायनशास्त्रात अठ्ठावीस.
जुलैत पुन्हा बसले, एकोणचाळीस.
नीटचा पहिला आकडा आईलाही सांगितला नव्हता,
तिला तो अभ्रे धुताना सापडला,
चार घड्या घातलेला.
ती काही बोलली नाही. अभ्रा मात्र दोनदा पिळला.
काका म्हणाले, अजून वेळ गेलेली नाही, कॉमर्सला घाला.
टिळक रोडच्या अभ्यासिकेत
माझ्या खुर्चीवर एक तारखेपासून दुसरी कोणी,
टेबलावर मी कोरलेलं सूत्र तसंच,
चुकीचं.

सदर कालावधीत मी
धनकवडीच्या एका लॅबसाठी रक्त गोळा करत होते.
पहाटे साडेपाच, आईची स्कूटी, बर्फाची पेटी,
उपाशीपोटी दार उघडणारी माणसं.
पहिले दोन आठवडे मी शीर डोळ्यांनी शोधायचे
आणि चुकायचे.
मग लॅबच्या शबानाताईंनी स्वतःचा हात पुढे केला,
म्हणाल्या, मीट डोळे.
दिसते ती नव्हे गं,
दाबली की परत उसळते, ती.

सहकारनगरला, तिसऱ्या मजल्यावर टिपरेबाई.
महिन्यातून एकदा साखर तपासायची, एवढंच.
पण उजवा खांदा दीड वर्ष आखडलेला,
वेणी घालायला वॉचमनची बायको यायची.
व्यायामाचा कागद फ्रिजवर,
लाइटबिलाखाली.
एकदा बिल खाली पडलं आणि मी तो वाचला.
मग परतीच्या वाटेवर रोज थांबू लागले.
भिंतीवरून बोटांनी चढायचं, मुंगीसारखं,
जिथे दुखलं तिथे पेन्सिलची रेघ.
गणपतीत रेघ बटणांच्या पाटीखाली होती,
दिवाळीत पाटीवर,
मध्ये डिसेंबरभर तिथेच अडकली
आणि बाई माझ्यावर चिडल्या, मी त्यांच्यावर.
होळीच्या आधी कॅलेंडरच्या खिळ्याला टेकली.
त्या दिवशी त्यांनी वरच्या फळीवरचा डबा
स्वतः खाली काढला.
आत दीड वर्षापूर्वीच्या चकल्या.
आम्ही एकेक खाऊन पाहिली.
वाईट होती.

रासकरांच्या नमुन्यात हे कुठे बसवणार?
त्यांनी कागद ओढला. सही इथे. पुढचा कोण?

शेवटच्या फेरीत फिजिओथेरपीची जागा मिळाली.
काकांनी फोनवर विचारलं, म्हणजे डॉक्टर नाही ना?
आई म्हणाली, पेढे आणलेत, येऊन जा.

कागदपत्रं तपासणाऱ्या माणसाचं बोट
अठ्ठावीसवर थांबलं.
हे तुमचंच?
माझंच.
त्याने पुढचं पान उलटलं नाही, मागचं उलटलं,
पुन्हा पुढे आला,
मग सगळ्या गठ्ठ्याला एकच पिन मारली.

आज पहिलं प्रात्यक्षिक.
सर म्हणाले, जोड्या करा,
शेजारणीच्या खांद्याचं हाड शोधा,
नीट बघून.
मी डोळे मिटले.
कातडीखाली ते सरकलं, थांबलं,
आणि शेजारीण, नांदेडची कुणी मंजिरी,
अजून आडनावही माहीत नाही,
म्हणाली, ए, गुदगुल्या होतात.