सहा आकडे

शर्टाच्या खिशावर शिवलंय : आरोग्यमित्र.
धुतल्यावर त्यातला मित्र आधी विटतो.
सिव्हिलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या दाराशी माझं टेबल,
एक संगणक, अंगठ्याचं यंत्र,
आणि बाकड्यावरून माझ्याकडे बघणारी माणसं,
स्टँडवर उशिराच्या गाडीची पाटी बघतात तशी.

मथुराबाई लहानू गांगुर्डे, तालुका दिंडोरी.
काळजाच्या दोन नळ्या तुंबलेल्या.
डॉक्टरांनी कागदावर लिहिलं : तातडीने.
तातडी माझ्या स्क्रीनवर शेवटच्या पानावर येते.
पहिल्या पानावर अंगठा.

अंगठा उमटेना.
तीस हंगाम तिने द्राक्षाचे घड औषधात बुडवून काढले,
परदेशी जाणारा मणी फुगावा म्हणून.
मणी फुगले. रेषा
कुठल्या तरी बादलीत राहून गेल्या.
"पदराला पूस, मावशी." पुसला.
"जरा तेल लाव." लावलं.
यंत्र लाल दिवा दाखवून गप्प.

मग डोळा. उजव्यात मोतीबिंदू,
डावा यंत्रासमोर आला की भरून यायचा.
"रडत नाही रे बाबा, ती लाईट लागती."

मग मोबाईल.
"नातवाचा नंबर हाये. तो सुरतेला गेला, तिथं नवा घेतला."
म्हणजे जुना कंपनीने कुणाला तरी देऊन टाकला असणार.
नंबर बदलायचा तर आधार केंद्र,
तिथलं टोकन सोमवारचं, आज गुरुवार,
आणि तिथे आधी काय लागतं?
अंगठा.

रात्री पावणेदहाला मी तरीही ओटीपी पाठवला,
आणि माझ्या फोनवरून तोच नंबर लावला.

पलीकडे यंत्रमागांचा खडखडाट. मालेगाव असावं.
"तुम्हाला आत्ता सहा आकडे आले असतील."
"आलेत. खाली लिहिलंय, कुणाला सांगू नका."
बरोबर होतं त्याचं.
तेच पोस्टर माझ्या डोक्यावर आहे, मीच चिकटवलेलं.
मी नाव सांगितलं, पद सांगितलं, वॉर्ड, खाट.
"फसवणारे तर याहून जास्त सांगतात," तो म्हणाला.
थांबला. "बाई आहे का तिथं? तिला द्या."

फोन तिच्या कानाला लावला.
वाटलं, गाव सांगेल, दुखणं सांगेल.
ती म्हणाली, "जेवला का, बाळा?"

खडखडाट लांब गेला. तो बाहेर आला असेल.
मग आकडे आले, एकेक, सावकाश,
श्रुतलेखन घालणाऱ्या मास्तरासारखे.
चौथ्यानंतर त्याने विचारलंसुद्धा : लिहिलं का?

हिरवा दिवा.
ओळख पटली, असं स्क्रीनवर आलं.
कुणाची कुणाला, ते तिथे येत नाही.

पहाटे वरून शेरा :
शिधापत्रिकेवर मथुरा, आधारवर मथुराबाई,
खुलासा करावा.
मी लिहिलं : बाई एकच.
दोनशे अक्षरांची मुभा होती.

साडेआठला त्र्यंबक नाक्यावर, टपरीपाशी,
पहिला घोट घेतो तर फोन.
मागे माग नव्हते, कुणी तरी लहान मूल शाळेला नाही म्हणत होतं.
"त्या मावशीचं काय झालं?"

रुग्णाशी नातं काय, हे विचारायची मला सवय आहे,
लाल चांदणीचा रकाना, रिकामा सोडता येत नाही.
नाही विचारलं.
"फाईल अजून वर आहे," म्हटलं.
"दुपारी करू का परत?"
"करा."

नाव त्याने सांगितलं नाही, मीही घेतलं नाही.
नंबर कशाखाली ठेवावा सुचेना,
चहावर साय धरली.
शेवटी टाकलं : मथुरा.
पुढे बाई लावायचं की नाही
ते वरून कळेल.