इतर

सोमवारी सकाळी यंत्र मला आठवडा वाटून देतं
पाच रकान्यांत. स्वच्छता, वागणूक, ताटकळणं, बिल.
पाचवा, इतर.

घणसोलीच्या ह्या दवाखान्यात माझी जागा
तिसऱ्या मजल्यावर, धुतलेल्या चादरींच्या खोलीला लागून.
औषधांपेक्षा निळीचा वास जास्त.
खिडकीत एमआयडीसीची एक चिमणी,
आणि वारा फिरला की खाडी कळते.

मी करारावर. अकरा महिने, मग एक दिवस घरी, मग पुन्हा अकरा.
लोकांनी मोबाइलवर लिहिलेलं वाचायचं, मोजायचं,
टिपणीस मॅडमच्या टेबलावर ठेवायचं
आणि सगळ्यांना एकच तयार उत्तर धाडायचं:
आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.
इतक्यांदा धाडलंय
की परवा भाजीवाली सुट्टे नाहीत म्हणाली
तर माझ्या तोंडात तेच आलं होतं.

मीटिंगमध्ये सरासरी वाचतात.
तीन पॉइंट आठ. गेल्या महिन्यात तीन पॉइंट सात.
बिस्किटं फिरतात.
त्या पॉइंट एकात कोण बरं झालं ते कुणी विचारत नाही.
मीही नाही.

यंत्र हुशार आहे.
'संडास' दिसलं की स्वच्छतेत टाकतं, 'खेकसली' दिसलं की वागणुकीत.
पण लोक असं नेमकं कुठे लिहितात?

रात्री दोनला कॅन्टीन बंद. बाबांना चहा हवा होता. आता नको आहे.
नंबर तोंडी पुकारतात, मला ऐकू येत नाही, तीनदा पाळी गेली.
गुलाब मावशी अजून आहेत का? त्यांनी माझी वेणी घातली होती.
आणि नुसता एक तारा, शब्द नाही,
पहाटे तीन बावन्नचा.

हे सगळं इतर.

त्यातच सुंद्राबाई मढवी, तळवली.
नातीचा फोन तोंडाशी धरून बोलल्या असणार,
आणि फोनला आगरी येत नाही.
त्यानं लिहून घेतलं:
बाण उलटा हाय फोटो काढाला जातव
मुद्द्यांचे दारान पोचतव पोर भी आला

कुठले मुद्दे, कुठला पोर आला?
तयार उत्तरावर बोट होतंच माझं.
पण काशिनाथ भोईर चहा ठेवायला आला,
ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, तिकडचाच,
त्याला म्हटलं, वाच.
पहिल्यांदा हसला.
दुसऱ्यांदा मोठ्यानं, आईच्या सुरात वाचलं
आणि हसायचा थांबला.
मुद्द्यांचे नाय मॅडम. मुरद्यांचे.
पोर भियाला.

खाली गेलो.
तळमजला, जिना संपतो तिथलं वळण.
एक्स-रे लिहिलेली पाटी,
रंगकाम झाल्यावर कुणीतरी घाईत परत ठोकलेली,
बाण डावीकडे.
डावीकडे पुढे एकच दार आहे.
त्याच्यावर काही लिहिलेलं नसतं, थंडी मात्र फटीतून येते.

आम्ही रोज इथूनच जातो.
आमचे पाय उजवीकडे वळतात, पाटी कोण वाचतं.
पाच महिने
मोडका हात गळ्यात बांधलेली पोरं
त्या दारापर्यंत गेली
आणि कुणाच्या तरी कमरेला बिलगून परत आली.
सरासरी तीन पॉइंट आठ.

चार स्क्रू. काशिनाथनं दोन रुपयांच्या नाण्यानं काढले,
एक गंजलेला होता, त्याला शिवी दिली.
परवानगीचा अर्ज मी मंगळवारी टाकला.
पाटी सोमवारीच फिरली होती.

बहिऱ्या माणसाच्या पाळीचं अजून झालेलं नाही,
फाइल वर आहे.
चहाचं तर काही होणारच नाही.

सुंद्राबाईंना तयार वाक्य धाडलं नाही.
टाइप केलं, बाण फिरवला.
यंत्र म्हणालं, उत्तर फार छोटं आहे.
मग पुढे लिहिलं,
पोराला सांगा.